गिरणीवाला गुप्तहेर आणि भेसळीचा पुरावा

विनोदी खूनकथा लिहायला बसलेले बहुतेक लोक आधी खून ठरवतात आणि मग मधेमधे विनोद पेरतात. तसं केलं की विनोद वेगळे वाचले जातात आणि रहस्य वेगळं. माझं म्हणणं असं, की ज्या वाक्याला वाचक हसतो त्याच वाक्यात पुरावा ठेवा. हसलेला वाचक त्या वाक्याकडे पुन्हा वळून बघत नाही.

त्यासाठी गुप्तहेर असा हवा, की त्याचा धंदाच हसवेल आणि खूनही तोच धंदा उलगडेल. निवृत्त मास्तर, विसराळू आजोबा वगैरे मंडळी नुसती गंमत करतात. पिठाची गिरणी चालवणारा माणूस घ्या. आपण त्याला नाना म्हणू. नानाला गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. चेपलेल्या कडेचा, दोरी बांधलेला, झाकणावर लग्नाची तारीख कोरलेला. हे विनोदी आहे, पण गरजेचंही आहे. नानानं चेहरा ओळखला असता तर आपली कथा दुसऱ्या पानावर संपली असती.

आता गिरणीचं तंत्र. जात्याच्या दगडांमध्ये आणि पीठ पडतं त्या कापडी पिशवीत आधीच्या धान्याचं मूठ-दोन मूठ पीठ अडकून राहतं. पुढचं दळण सुरू झालं की ते आधी बाहेर पडतं आणि डब्याच्या तळाशी बसतं. म्हणून तर बायका ‘गव्हावर गहू दळा’ म्हणून हटून बसतात. चांगला गिरणीवाला पिशवी झटकतो, पहिली मूठ बाजूला काढतो. नाना आळशी आहे, झटकत नाही. यावरून रोज भांडणं होतात. ही भांडणं पहिल्या तीन पानांत दोनदा तरी येऊ द्या, दोन्ही वेळा मजेशीर. तिसऱ्यांदा आणलीत तर चाणाक्ष वाचक कान टवकारेल.

खून सोसायटीच्या चेअरमनचा. गच्चीवर, डोक्यात वरवंटा. पावणेसहाला ते फोनवर बोलत होते, सात वाजता वॉचमनला दिसले ते मेलेले. वेळेची ही चौकट आधीच आवळून ठेवा. मृतदेहाच्या ताठरपणावरून डॉक्टर काही तासांचा अंदाज देतात, तोही हवामानानुसार बदलतो, उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. ‘मृत्यू सहा वाजून दहा मिनिटांनी झाला’ असं सांगणारा डॉक्टर कथेत आणू नका.

संशयित चार पुरेत. भाचा, भाडेकरू आणि शेजारीण यांना प्रत्येकी एकेक भांडण देऊन मोकळे व्हा. खरा खुनी सोसायटीचा खजिनदार. तो म्हणतो, सहा वाजता मी गिरणीत रांगेत होतो. तान्ह्या नातवासाठी नाचणी दळायला आलेल्या बाईंनी निघताना त्याला पाहिलंय. ‘त्यांच्यामागून माझे पाच किलो गहू दळले, ते घेऊन मी सरळ घरी गेलो.’ साक्षीदार खरी, डबा खरा. फक्त बाई वळल्यावर तो डबा उचलून गच्चीकडे गेला आणि परत आला साडेसातला, तेव्हा त्याच्या पुढे बाजरी दळून झाली होती.

दोन दिवसांनी खजिनदाराची बायको गिरणीत येते आणि नानाला फैलावर घेते: पोळ्या काळपट झाल्या, लाटताना तुटल्या, पाहुण्यांसमोर शोभा झाली! हा प्रसंग भरपूर रंगवा, कारण कथेचा मुख्य पुरावा हाच आहे. गव्हाच्या आधी नाचणी असती तर पीठ तांबूस दिसलं असतं. करडी झाक बाजरीची, आणि बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून पोळी तुटते.

इथे एक खोच सांभाळायला हवी. बाजरी तळाशी असेल, तर पहिल्याच पोळ्या कशा बिघडतील? बाईंनी पीठ घरच्या मोठ्या डब्यात ओतलं, म्हणून. ओतताना तळाचं वर आलं. हे आधी कुठेतरी सहज सांगून टाका, नाहीतर गिरणी ठाऊक असलेला वाचक पत्र पाठवेल. आणि बाईंनी पीठ ओतून आधी कालवलं असेल, तर पुरावाच उरत नाही.

मात्र नानाच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत पुरावा पाहुण्यांनी खाल्लेला असतो. त्यामुळे कबुलीजबाब हवा, आणि इथे भलेभले लेखक फसतात. सगळ्यांना जमवून, इन्स्पेक्टरला मधल्या खुर्चीत बसवून खुनी त्याच्यापुढे गुन्हा कबूल करतो, टाळ्या पडतात, आणि कोर्टात त्या कबुलीची किंमत शून्य. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं २३ वं. आपल्याकडे खासगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे नानाला परवाना लागत नाही, पण झडतीचा अधिकारही नाही. त्याची जमेची बाजू एकच: तो पोलीस नाही. त्याच्यापुढे दिलेली कबुली कोर्ट ऐकून घेतं, दुबळा पुरावा मानतं आणि जोड मागतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. गिरणी बंद, कारण पट्टा फिरत असताना शेजारचं बोलणंही ऐकू येत नाही. आत नाना, खजिनदार आणि आपलं दळण न्यायला आलेल्या नाचणीवाल्या बाई. इन्स्पेक्टर कोपऱ्यावरच्या टपरीवर, पोह्यांची दुसरी प्लेट मागवत. आधी कबुली, मग अटक. अटकेनंतर खजिनदार पंचांसमक्ष गच्चीवरच्या टाकीतून वरवंटा काढून देईल. त्याच्या सांगण्यातला जेवढा भाग वरवंट्यापर्यंत नेतो, तेवढा मात्र पोलिसांसमोर सांगितलेला असूनही चालतो.