कागदावरचा प्रश्न आणि कानावर पडलेला प्रश्न

"तुमची जमीन किती?" या प्रश्नात अवघड शब्द एकही नाही. तरी सर्वेक्षणात चार घरांत विचारला की चार वेगळ्याच गोष्टींची उत्तरं येतात. एक जण सातबाऱ्यावर आपल्या नावाचं क्षेत्र सांगतो, दुसरा भावांचं सामायिक खातं सगळंच, तिसरा अर्धेलीने केलेलं धरून, चौथा पड वगळून. त्यात एकर की गुंठे हे लिहायचं राहिलं, तर चूक थेट चाळीसपट. म्हणून प्रश्न फोडा. "गेल्या खरिपात तुमच्या घरच्यांनी किती जमीन कसली? त्यातली स्वतःची किती? अर्धेलीने किंवा खंडाने घेतलेली किती?" आणि उत्तरासाठी एकर, गुंठे असे दोन रकाने छापूनच ठेवा.

'घरचे' म्हणजे कोण, हेही आधी ठरवायला हवं. जनगणनेत एकत्र राहून ज्यांचा स्वयंपाक एकत्र होतो ते एक कुटुंब. वाडा एक पण चुली दोन, तर कुटुंबं दोन.

सगळ्यांत फसवा शब्द 'काम'. "काम करता का?" म्हटलं की पहाटे धारा काढून दुपारी स्वतःच्या रानात खुरपणाऱ्या बाईही "नाही, घरीच असते" म्हणतात. त्या खोटं बोलत नाहीत. काम म्हणजे मजुरीचं काम, असंच त्यांच्या कानावर पडलेलं असतं. १९९१च्या जनगणनेत म्हणूनच स्वतःच्या शेतातलं, घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही धरावं, असं प्रश्नातच घातलं गेलं. तुम्ही त्याहून पुढे जा. खुरपणी, धार, शेण-चारा, दुकानावर बसणं अशी यादी वाचा आणि गेल्या ७ दिवसांत केलं का, हे एकेका कामाबद्दल विचारा.

'गेले किती दिवस' ही मुदत तर प्रश्नात हवीच, पण एकाच वस्तूला दोन मुदती शेजारी ठेवू नका. राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणजे देशभरातल्या निवडक घरांत होणारं सरकारी सर्वेक्षण. तिच्या १९९९-२०००च्या फेरीत अन्नखर्च ७ आणि ३० दिवसांचा, एकाच कुटुंबाला, लगतच्या रकान्यांत विचारला गेला. एक आकडा दुसऱ्याला ओढतो, अशी शंका आली आणि १९९३-९४च्या गरिबीच्या आकड्यांशी तुलना वादात सापडली.

आपल्या भाषेचेही काही खड्डे आहेत. "तुम्ही तंबाखू खात नाही ना?" याला "हो" आलं तर काय लिहाल? 'परवा' मागचा की पुढचा? "रेशन वेळेवर आणि पूर्ण मिळतं का?" हे तर सरळसरळ दोन प्रश्न, धान्य वेळेवर येतं पण दोन किलो कमी, त्याने काय सांगायचं? पर्यायांत ०–५ आणि ५–१० लिहिलंत, तर पाच गुंठेवाला कुठे बसणार? 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांना वेगळे संकेतांक द्या. रिकामी चौकट नंतर कुणालाच वाचता येत नाही.

छपाईआधी आठ-दहा घरांत प्रश्नावली मोठ्याने वाचा. उत्तर मिळाल्यावर "तुम्ही यात काय काय धरलंत?" एवढंच विचारा. सर्वेक्षक प्रश्न स्वतःच्या शब्दांत समजावू लागला, की ते शब्द टिपून घ्या. बहुतेकदा छापायला तेच बरे असतात.