फिशर यांचं जनुक

(दृश्य: 1950च्या दशकातलं लंडन, कृष्णधवल चित्रफीत)

1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतल्या नोंदी मांडल्या. फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचं नातं त्यात उघड दिसत होतं. त्यावर जोरदार आक्षेप घेणारे गृहस्थ कोणी साधेसुधे नव्हते. सर रोनाल्ड फिशर! शेतातल्या पिकांपासून नव्या औषधांपर्यंत, चाचणी कशी घ्यावी हे जगाला शिकवणारे संख्याशास्त्रज्ञ. केंब्रिजमध्ये आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वतः पाइप ओढत. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागार होते, हेही सांगायला हवं.

फिशर यांचा प्रश्न मात्र बिनतोड वाटावा असा होता. एखादं जनुकच माणसाला सिगारेटची ओढ लावत असेल आणि तेच जनुक त्याला कर्करोगही देत असेल, तर? मग सिगारेट बिचारी निर्दोष! 1958 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या जुळ्यांची आकडेवारी पुढे केली. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त सारख्या होत्या.

उत्तर 1959 मध्ये अमेरिकेतून आलं. संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोग नऊपट जास्त होत असेल आणि त्याचं सगळं खापर जनुकावर फोडायचं असेल, तर ते जनुकही ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त आढळलं पाहिजे. असं जनुक कुठे होतं? शिवाय हा आजार काही दशकांतच वाढला होता. माणसाची जनुकं एवढ्या घाईनं बदलत नाहीत.

फिशर 1962 मध्ये वारले.

(दृश्य: प्रयोगशाळा, पडद्यावर पंधराव्या गुणसूत्राचं रेखाचित्र)

2008च्या एप्रिलमध्ये तीन वेगवेगळ्या संशोधकगटांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. गट आइसलँड, फ्रान्स आणि अमेरिकेतले, पण तिघांचंही बोट पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी. तिथे निकोटिनच्या ग्राहीची, म्हणजे निकोटिन जिथे चिकटतं त्या प्रथिनाची जनुकं आहेत. त्यांतल्या सीएचआरएनए5 या जनुकात काही माणसांमध्ये एका अक्षराचा, म्हणजे डीएनएच्या एका घटकाचा फरक असतो, आणि त्यामुळे त्या प्रथिनाच्या साखळीत 398व्या जागी एक अमिनो आम्ल, म्हणजे साखळीतला एक मणी, बदलतं.

एवढ्यानं काय होतं? मेंदूत हॅबेन्युला नावाचा एक छोटासा भाग आहे. निकोटिन जास्त झालं की ‘आता पुरे’ असा निरोप तो देतो. 2011 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ही गोष्ट दिसली: हे जनुक बंद केलेले उंदीर निकोटिनची मोठी मात्राही घेतच राहिले. माणसातला तो एका अक्षराचा फरक हाच निरोप क्षीण करतो. त्यामुळे असा माणूस धूर जास्त खोल घेतो, दिवसाला सरासरी एखादी सिगारेट जास्त ओढतो आणि सोडायला निघाला की जास्त झगडतो. व्यसन सुटत नाही म्हणून घरच्यांची बोलणी खाणाऱ्या माणसाला हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. तो झगडा केवळ मनाच्या दुबळेपणाचा नसतो.

ओढ लावणारं जनुक असतं, इतपत फिशर बरोबर होते. पण हा फरक बाळगणाऱ्या ज्या माणसांनी कधीच सिगारेट ओढली नाही, त्यांच्यात पुढच्या मोठ्या अभ्यासांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा वाढीव धोका आढळला नाही. जनुकाचा धोका फुफ्फुसापर्यंत पोहोचतो तो धुरातूनच. म्हणून ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर विडी ओढली, काही झालं नाही’ या वाक्यावर कुणी आपल्या फुफ्फुसांचा जुगार खेळू नये. आजोबांच्या जनुकांतली साधारण पाव नातवात येतात, आणि नेमकी कोणती आली हे त्याला घरबसल्या कळत नाही.

(दृश्य: दवाखान्यातली प्रतीक्षा-खोली)

2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सिगारेट सोडलेल्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. ज्यांना तो झालाच, त्यांच्यात निदानाचं वय सुमारे सात वर्षं पुढे गेलं होतं. जनुकातला तो जोखमीचा फरक असलेल्यांना आणि नसलेल्यांना हा फायदा जवळजवळ सारखाच मिळाला.