पेठ उकरली जाते तेव्हा

(दृश्य: दुकानाचा उंबरा. समोर उघडा चर, त्यावर टाकलेली एक फळी.)

ही फळी बघा. जेमतेम फूटभर रुंद. एक टोक खडीच्या ढिगावर, दुसरं दुकानाच्या उंबऱ्यावर आणि खाली चर. तरणा माणूस दोन ढांगांत पलीकडे जातो. दोन्ही हातांत पिशव्या असलेली बाई थबकते आणि अलीकडूनच हाक मारते, "जरा इथंच आणून देता का?" काठी टेकत आलेले आजोबा फळीकडे बघतात आणि मागे वळतात. रस्त्याच्या कामानं पेठेचं किती नुकसान झालं, हा हिशेब मांडायचा तर तो या फळीपासून मांडायला हवा.

गावाची बाजारपेठ म्हणजे बहुधा एकच रस्ता. शहरात एक रस्ता खणला तर वळसा घालून येता येतं. गावात वळसा घालायला दुसरी वाट नसते, आणि असली तरी तिच्यात मालाचा टेम्पो शिरत नाही. शिवाय इथलं गिऱ्हाईक सवयीचं असतं. काही आठवडे त्यानं दुसरीकडून खरेदी केली की तिथली ओळख होते, उधारीसुद्धा सुरू होते. मग रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी सगळे परत येत नाहीत.

काम नकोच, असं पेठेत सहसा कुणी म्हणत नाही. खालची पाइपलाइन गळते, गटार तुंबतं, हे दुकानदारच रोज बघत असतात. त्यांचा राग खोदाईवर कमी असतो. खणून ठेवलंय आणि कामावर कुणीच नाही, त्या दिवसांवर जास्त असतो.

(दृश्य: पत्र्यांच्या आड उघडा चर. उभं असलेलं यंत्र. माणूस नाही.)

हे असं का होतं, त्याचं गणित साधं आहे. खोदाईचं यंत्र भाड्यानं येतं. ठेकेदाराला सोयीचं असतं ते एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं उकरून घेणं आणि यंत्र पुढच्या कामावर धाडणं. मग पाइप यायचे असतात, गवंडी दुसरीकडे अडकलेला असतो, चेंबरची झाकणं आलेली नसतात. यंत्राचं भाडं वाचलं, पण ते भरलं पेठेनं. म्हणून कामाच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न आधी विचारायचा: एका वेळी किती मीटर उघडणार? आणि तेवढं बुजवून, चालण्याजोगं केल्याशिवाय पुढचं उघडणार नाही, हे करारात लिहिलंय का? तोंडी "बघू, करू"ला इथं अर्थ नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. जमिनीखालचं सगळं आधी, वरचा थर शेवटी. बोलायला सोपं, पण पाणी एका खात्याचं, वीज दुसऱ्याचं, केबल तिसऱ्याची. नवा रस्ता झाला आणि कुणीतरी तो पुन्हा फोडला, हे चित्र जगभरचं आहे. ब्रिटनमध्ये 1991च्या रस्तेकामांच्या कायद्यातल्या कलम 58नं यावर एक उपाय काढला. रस्त्याचं मोठं काम निघालं की ते आधी जाहीर करायचं. ज्यांना खाली काही करायचंय त्यांनी ते तेव्हाच उरकायचं. नंतर ठरावीक काळ तिथं पुन्हा खणायला बंदी घालता येते. अचानक काही फुटलं तर दुरुस्तीला सूट असते. कायदा असो वा नसो, गावातल्या प्रत्येक खात्याला आधी लेखी विचारायला कुणाची ना नसावी.

खाली काय आहे ते नकाशावर दिसतं तिथंच असेल, याची खात्री नसते. म्हणून यंत्र लावण्याआधी जागोजागी हातानं लहान खड्डे घेऊन बघतात. हे टाळलं की नळजोड तुटतात. आणि इंटरनेटची केबल तुटली, तर रस्ता चालू असलेल्या दुकानातसुद्धा फोनवरून पैसे घेता येत नाहीत.

(दृश्य: चर बुजवताना. कामगार थर दाबतो आहे.)

बुजवणं नीट बघा, कारण रस्त्याचं पुढचं आयुष्य इथं ठरतं. माती, मुरूम एकदम लोटून वरून चाक फिरवलं तर वरचे काही सेंटिमीटर तेवढे घट्ट होतात. खाली पोकळच. साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचा, मग पुढचा. याला वेळ लागतो आणि घाईच्या कामात कात्री लागते ती इथंच. पहिल्या मोठ्या पावसात चराच्या रेषेवर रस्ता खचतो, तो यामुळे.

मग वरचा थर. डांबर निवलं की त्याच दिवशी वाहनं सोडता येतात. काँक्रीटचं तसं नाही. त्याची ताकद 28 दिवसांची धरतात. साध्या सिमेंटमध्ये 7 दिवसांत साधारण दोन तृतीयांश येते. तोवर ओलं गोणपाट टाकून, पाणी मारत राहावं लागतं. पेठेतून "आता तरी गाडी सोडा" असा धोशा सुरू होतो तो नेमका या दिवसांत. तो ऐकू नये. मात्र लवकर ताकद धरणारं मिश्रण मिळतं. महाग पडतं, पण दुकानांसमोरच्या तेवढ्या तुकड्यापुरतं वापरलं तर खर्च झेपतो. पेव्हर ब्लॉकचा गुण वेगळा. पुढे पाइप गळाला तर तेवढेच ब्लॉक काढायचे आणि परत बसवायचे. गाड्या हळू जातात अशा अरुंद पेठेला ते बरे.

आता जरा वादाचं बोलतो. दुकानदार बहुतेकदा मागणी करतात की अर्धा रस्ता करा, अर्धा चालू ठेवा. रुंद रस्त्यावर ठीक. अरुंद पेठेत मात्र अर्ध्या रस्त्यातून धड गाडी जात नाही, माणूस जायला घाबरतो, आणि यंत्रांची ने-आण दोनदा होते. माझ्या मते चार-सहा दुकानांचा तुकडा वाहनांना पूर्ण बंद करावा, पायवाट पक्की ठेवावी, आणि तुकडा संपवूनच पुढे सरकावं. प्रत्येकाला त्रास होतो, पण थोडे दिवस, आणि कधी ते आधी ठाऊक असतं. एक अट असते: अग्निशामक गाडी किंवा रुग्णवाहिका दोन्ही टोकांनी कुठवर येईल, हे आधी ठरवून ठेवायचं.

(दृश्य: कठडे लावलेली पायवाट. दुकानाच्या दारापर्यंत उतार.)

पायवाट म्हणजे ती फळी नव्हे. ब्रिटनच्या नियमावलीत कामाच्या जागी पायवाट शक्यतो दीड मीटर आणि काही झालं तरी एक मीटरच्या खाली नाही. दोन्ही बाजूंना कठडा, रात्री दिवा, आणि प्रत्येक दारापर्यंत पोच. व्हीलचेअरचा उतार 1:12. म्हणजे 15 सेंटिमीटरची पायरी असेल तर 1.8 मीटर लांबीचा. काँक्रीट कापायचं तर पाणी मारत कापायचं. त्या पांढऱ्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूतलंच खनिज, असतं; ती फुप्फुसात बसते, आणि सगळ्यात जास्त कापणाऱ्या कामगाराच्या.

"रस्ता बंद" हा फलक दिसला की माणूस समजतो, गाव बंद. तोही बहुतेकदा कामाच्या तोंडाशी असतो, म्हणजे गाडी तिथवर आल्यावर. "दुकानं सुरू आहेत, गाडी इथं लावा, पुढं चालत या" हा फलक गावाबाहेरच्या फाट्यावर हवा, जिथं वळायचं की सरळ जायचं हे ठरतं. मालाच्या गाड्यांना सकाळी शटर उघडण्याआधीची वेळ. आणि तक्रारीला एकच फोन नंबर, तोही संध्याकाळी सहानंतर उचलला जाणारा. पुढच्या आठवड्यात कुणाच्या दारासमोर काम येणार, हे दर आठवड्याला एका कागदावर लिहून दुकानादुकानांत पोचलं, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

भरपाईचंही बोलायला हवं. फ्रान्समध्ये ट्राम किंवा मेट्रोच्या मोठ्या कामांत दुकानदारांसाठी तडजोड समित्या नेमतात. तिथं आधीची वह्या-बिलं दाखवून घट सिद्ध करावी लागते. कागद नाही त्याला काही नाही, म्हणून काम सुरू होण्याआधीचे हिशेब नीट ठेवलेले बरे. अडचण होते ती रस्त्याच्या कडेला बसून विकणाऱ्यांची. त्यांच्याकडे वही नाही, दार नाही. पत्रे लागले की त्यांची जागाच जाते. त्यांना दुसरी जागा काम सुरू व्हायच्या आत नेमून द्यायला हवी. नंतर दिलेली जागा कामाची नसते, कारण तोवर गिऱ्हाईक पांगलेलं असतं.

शेवटची गोष्ट पातळीची. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवला की रस्ता उंच होतो आणि उंबरे खाली जातात. पाणी मग दुकानात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक उंबऱ्याची उंची मोजून लिहून ठेवायची, आणि शेवटचं बिल निघण्याआधी भर पावसात ठेकेदाराच्या माणसाला घेऊन पेठेतून एक चक्कर मारायची. पाऊस नसेल तर टँकरनं पाणी सोडायचं. जिथं साचेल ती जागा रंगानं आखायची आणि तिचा फोटो बिलाला जोडायचा.