पाण्याचा मुक्काम किती दिवसांचा?

सुरुवातीला एक अंदाज सांगा बरं. आत्ता या क्षणी सगळ्या पृथ्वीवरच्या हवेत जेवढी वाफ आहे, ढग आहेत, ते सगळं पाणी एकदम खाली पाडलं आणि सगळीकडे सारखं पसरलं तर किती साचेल? कोणी म्हणतंय गुडघाभर, मागून कोणीतरी पुरुषभर म्हणालं. उत्तर आहे साधारण २५ मिलिमीटर, एक इंच फक्त! पायाचा घोटासुद्धा बुडणार नाही.

आणि पृथ्वीवर वर्षाला सरासरी पाऊस पडतो साधारण १ मीटर, म्हणजे १००० मिलिमीटर. आता हिशोब करा, हवेत कायम शिल्लक २५ आणि वर्षाचा खर्च १०००, म्हणजे ही तिजोरी वर्षातून चाळीस वेळा रिकामी होते आणि चाळीस वेळा भरते. ३६५ भागिले ४०, साधारण नऊ दिवस. पाण्याचा हवेतला सरासरी मुक्काम एवढाच.

हे सांगायचं कारण म्हणजे शाळेतलं ते चित्र. समुद्र, वर ढग, डोंगरावर पाऊस, खाली नदी आणि गोल फिरणारे बाण. चित्र चुकीचं नाहीये पण सगळे बाण सारख्याच जाडीचे काढलेले असतात त्यामुळे वाटतं की पाणी कसं निवांत एकाच स्पीडनं फिरतंय. तसं अजिबात नाही. नदीत पाणी काही आठवडे असतं, समुद्रात गेलं की सरासरी तीन हजार वर्षं! आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात तर आठ लाख वर्षांपूर्वी पडलेला बर्फ अजून तसाच आहे, शास्त्रज्ञांनी भोकं पाडून तो बाहेर काढलाय.

बाय द वे, नद्यांना पाणी पावसातून येतं हे सुद्धा लोकांना पटत नव्हतं बरं का. एवढी मोठी नदी नुसत्या पावसावर कशी चालेल, समुद्राचंच पाणी जमिनीखालून डोंगरात चढत असणार, असं भलेभले मानायचे. शेवटी १६७४ मध्ये पिएर पेरो नावाच्या फ्रेंच माणसानं सरळ सीन नदीच्या वरच्या भागातला पाऊस मोजला, नदीतलं पाणी मोजलं, तर पाऊस निघाला नदीच्या सहापट. मला हा माणूस फार आवडतो, वाद घालत बसला नाही, मोजून मोकळा झाला.

तर मुक्काम कुठे किती हे कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. अमेरिका आणि कॅनडाच्या मधली मोठी सरोवरं घ्या, एकाचं पाणी दुसऱ्यात जातं अशी साखळीच आहे ती. त्यात सुपीरिअरमधलं सगळं पाणी बदलायला १९१ वर्षं लागतात आणि एरीमधलं बदलतं तीन वर्षांच्या आत, कारण एरी उथळ आहे. १९६० च्या दशकात एरीची गटारासारखी अवस्था झाली होती, मग १९७२ ला दोन्ही देशांचा करार झाला, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस पाण्यात जाणं कमी केलं आणि ते बरंच लवकर सुधारलं. पण हे दोन्ही बाजूंनी चालतं हं, लवकर धुऊन निघतं तसं लवकर बिघडतंही. २०१४ मध्ये परत शेवाळ वाढलं आणि एरीच्या काठावरच्या टोलेडो शहराच्या भागातल्या चारेक लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. सुपीरिअरमध्ये घाण गेली तर मात्र पणतवंडांपर्यंत पुरेल.

मिठाचंही तसंच आहे. नद्या खडक झिजवत थोडं थोडं मीठ आणतात, चव लागत नाही इतकं थोडं, पण समुद्रातून पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मीठ मागेच राहतं. असं कोट्यवधी वर्षं चाललंय म्हणून आज लिटरला ३५ ग्रॅम. ज्या सरोवरांना बाहेर जायला वाटच नाही तिथेही हेच, मृत समुद्र तर समुद्राच्या जवळपास दहापट खारट आहे.

आणि सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण जमिनीखालच्या पाण्याचं. काही पाणी महिन्याभरात झऱ्यातून बाहेर येतं, काही हजारो वर्षं हलत नाही. सहाराच्या पूर्व भागात, इजिप्त, लिबिया, चाड आणि सुदानच्या खाली प्रचंड साठा आहे आणि त्यातलं बरंचसं पाणी तिथे हिरवळ असतानाच्या काळातलं, दहा हजार वर्षांपेक्षा जुनं. आता तिथे पाऊस नाही म्हणजे जमा जवळपास शून्य, नुसता उपसा. लिबियानं १९८४ पासून मोठमोठे पाइप टाकून ते पाणी उत्तरेकडे किनाऱ्यावरच्या शहरांना आणि शेतांना न्यायला सुरुवात केली. एवढी वर्षं अंधारात बसलेलं पाणी पिकाला दिलं की पानांतून, मातीतून त्याची वाफ होते. मग हवेत नऊ दिवस, आणि नंतर पडणार कुठे, तर पृथ्वीवरचा तीन चतुर्थांशाहून जास्त पाऊस समुद्रातच पडतो, म्हणजे बहुतेक तिकडेच, पुढच्या तीन हजार वर्षांसाठी.