छातीतल्या पाण्यात सापडलेलं आयएल-सिक्स

२०२१चा एप्रिल आठवतोय ना? मुंबई-पुण्यात रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर मेसेज, कुणाकडे टॉसी मिळेल का, टॉसी म्हणजे टॉसिलिझुमॅब, कोविडच्या गंभीर पेशंटना द्यायचं औषध, आणि ज्यांनी आयुष्यात लॅबचा रिपोर्ट धड वाचला नव्हता ती माणसंही फोनवर विचारत होती, सीआरपी किती (म्हणजे अंगात सूज किती ते सांगणारी रक्ततपासणी), आयएल-सिक्स किती. तर हे आयएल-सिक्स, म्हणजे शरीरातलंच एक प्रोटीन, ज्यांनी शोधलं त्यातल्या एकाची ही गोष्ट. तोशिओ हिरानो. जन्म १९४७.

१९७२ला ओसाका युनिव्हर्सिटीतून डॉक्टर झाले, मग तीनेक वर्षं अमेरिकेत रिसर्च, पण खरी गोष्ट सुरू होते १९७८ला, ओसाकाजवळच्या हाबिकिनो हॉस्पिटलमध्ये. तिथे टीबीचे पेशंट. टीबीत कधीकधी फुप्फुसाभोवती पाणी जमतं, आपल्याकडे म्हणतात ना, छातीत पाणी झालंय, ते सुईने काढतात आणि एरवी ओतून देतात. हिरानोंनी ते ठेवून घेतलं. कारण त्या पाण्यात जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी ढिगाने असतात, त्यांना टीबीच्या जंतूचा अर्क दाखवला की त्या असं काहीतरी सोडायच्या की शेजारच्या बी सेल्स भराभर अँटिबॉडी बनवायला लागायच्या.

पण ते काहीतरी म्हणजे नक्की काय? एवढ्या एका प्रश्नात आठ वर्षं गेली. १९८६ला ओसाका युनिव्हर्सिटीतल्याच तादामित्सु किशिमोतोंसोबत त्याचा जीन हाती लागला, आणि मग कळलं की हेच प्रोटीन इतर लॅबवाले वेगवेगळ्या नावांनी शोधत बसले होते! शेवटी सगळ्यांचं मिळून एक नाव ठरलं, इंटरल्यूकिन-सिक्स. लिव्हरला सीआरपी बनव म्हणून निरोप देणारं हेच. आणि ते गरजेपेक्षा जास्त झालं की सांधे सुजतात, आमवात बळावतो.

मग किशिमोतो आणि चुगाई या जपानी औषध कंपनीने औषध आणलं, टॉसिलिझुमॅब. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं ते पेशीवरची आयएल-सिक्सची जागा आधीच अडवून बसतं. जपानमध्ये २००८पासून आमवातावर वापरतात.

हिरानो २०११ ते २०१५ ओसाका युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष होते. त्या खुर्चीत आधी किशिमोतो बसून गेलेले, आणि त्यांच्याही आधी किशिमोतोंचे गुरू युइची यामामुरा, तेही टीबीवालेच, म्हणजे घराण्यात गादी चालावी तसा प्रकार. खुर्चीतल्या कारभारापेक्षा मला मात्र ती छातीतल्या पाण्याची बाटलीच जास्त भारी वाटते.

२०२०मध्ये सत्तरी ओलांडलेल्या हिरानोंनी लिहिलं की कोविड बिघडतो त्यातही हेच आयएल-सिक्स असणार. पुढे ब्रिटनमध्ये चार हजारांवर गंभीर पेशंटवर टॉसीची ट्रायल झाली, २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१वर आले. शंभरात चार जास्त वाचले. रात्री दोनचे ते मेसेज या चारांत आपलं माणूस बसावं म्हणूनच फिरत होते.