गोळीचे वेळापत्रक

मंडळी, माझ्या ओपीडीत रोज एकदा तरी कोणी ना कोणी विचारते, "डॉक्टर, ही गोळी एकदा सुरू झाली की कायमची चिकटते म्हणतात, खरे का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा झोपेची गोळी असते. अल्प्राझोलामसारख्या औषधाची सवय लागते आणि मात्रा वाढवावीशी वाटते. नैराश्यावरच्या गोळीची तशी ओढ लागत नाही, परंतु शरीर तिला सरावते आणि म्हणून ती एकदम तोडता येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे, ज्यांना औषधाची खरोखर गरज आहे तेच ते घ्यायला घाबरतात.

नैराश्यावरचे हे औषध कोणी आधी ठरवून शोधलेले नाही. १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनियाझिडमुळे रुग्णांना हुरूप येतो असे दिसले, आणि स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. आज सहसा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन दिले जाते. मज्जापेशींनी सोडलेले सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन परत आत ओढले जाण्याची क्रिया ही औषधे काही तासांतच रोखू लागतात. मन मात्र दोन-चार आठवड्यांनी हलके होते आणि पुरता गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणूनच "रसायन कमी पडले होते, ते भरून काढले" हे सोपे उत्तर मला पटत नाही.

मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी आणि अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात हजर होतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. आणि नेमक्या याच मधल्या दिवसांत लोक गोळी सोडतात. कमी मात्रेने सुरुवात करून सकाळच्या पेजेनंतर गोळी घेतली, तर मळमळ बरीच आवरते. लैंगिक इच्छा मंदावणे हा त्रास तसा आपोआप जात नाही आणि त्याबद्दल रुग्ण बोलत नाहीत. तेव्हा तो प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी त्या काळात जवळ राहावे. पूर्वी कधी अतिउत्साहाचा झटका येऊन गेला असेल, तर तो आधीच सांगावा, कारण अशा वेळी उपचारच बदलतो.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही औषधे घेतली, तर रक्तातले सोडियम घसरू शकते. सत्तरीतले आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंगणात तोल जाऊन पडले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासून घ्या. गुडघेदुखीवरच्या गोळ्या सोबत चालू असतील तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून फार्मसीतून काहीही आणण्याआधी विचारा.

आमच्याकडे गोव्यात गणेशचतुर्थीनंतरचा आठवडा ठरलेला असतो. वास्कोत नोकरी करणारा मुलगा पेडण्याला मूळ घरी जातो, गोळ्यांची पट्टी खोलीवरच राहते, आणि परत आल्यावर तो सांगतो की मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखे होते. त्याला वाटते, आजार उलटला. पण तो बहुधा औषध अचानक तुटल्याचा परिणाम असतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनबाबत हा त्रास अधिक होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ टिकत असल्यामुळे त्याच्याबाबत कमी.

प्रत्येक उदासीला गोळी लागते असेही नाही. गोव्यातच झालेल्या आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत केलेल्या संवादाचा तीव्र नैराश्यातही उपयोग झाल्याचे दिसले. सौम्य आजारात मी आधी हाच मार्ग सुचवतो. मात्र जेवण तुटले, झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर गोळीसाठी थांबत नाही.

बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि मग ते टप्प्याटप्प्याने उतरवायचे. ते उतरवणे मी सहसा चतुर्थी आटोपल्यावर सुरू करतो: आधी घरी परत या, पट्टी हातात घ्या, मग अर्ध्या गोळीचे बोलू.