सगळं दहा मिनिटांवर

[दृश्य: सकाळ. विश्रामबाग चौक. दुचाक्या, शाळेच्या रिक्षा, चहाची टपरी.]

सांगलीत कुणाला पत्ता विचारा, किलोमीटरमध्ये उत्तर मिळणार नाही. "हितनं दहा मिनिटं." स्टेशन दहा मिनिटं. मार्केट यार्ड दहा मिनिटं. गणपती मंदिर दहा मिनिटं. मिरज तेवढी लांब. तिकडं जायचं म्हटलं की लोक घरात सांगून निघतात, कारण वीस मिनिटं लागतात.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिन्हींची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास भरली. पुण्यातला माणूस म्हणेल, एवढी तर आमच्या एका भागात राहतात. राहत असतील. पण त्या भागातल्या किती जणांना दुपारी घरी येऊन गरम भाकरी खाता येते?

[दृश्य: मार्केट यार्ड. पोती, हमाल, पिवळी धूळ.]

फेब्रुवारीच्या सुमाराला नवी हळद बाजारात यायला लागते. हमालांचे हात, दलालांचे शर्ट, तराजू, रस्त्यावरची धूळ, सगळ्यावर एकच रंग. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा माल अशी अधिकृत ओळख, मिळालं. गंमत अशी की इथं विकली जाणारी सगळी हळद सांगलीत पिकत नाही. मराठवाड्यातून येते, तेलंगणातून येते, कर्नाटकातून येते. तिकडच्या शेतकऱ्याला सांगलीचा भाव हवा असतो. पिकापेक्षा पेठेनं या गावाचं नाव मोठं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

नदीकाठानं थोडं पुढं गेलं की हरिपूर. कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. इथं जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवायचे. वरून बघणाऱ्याला नुसतं मोकळं रान दिसायचं, आणि पायाखाली कुणाकुणाची वर्षाची कमाई. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. आता हळद शीतगृहात जाते.

[दृश्य: गावभागातली अरुंद गल्ली. कट्ट्यावर बसलेली माणसं.]

गावभागात नवा चेहरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाचा रे तू?" नाव सांगून भागत नाही. आडनाव, मग वडील काय करतात, मग आजोळ कुठलं. तिसऱ्या प्रश्नाला ओळख निघतेच. ओळख निघाली की दुकानदार उधार देतो, डॉक्टर तुमचा ताप बघता बघता वडिलांच्या शुगरची चौकशी करतात, आणि रात्री अपरात्री गाडी बंद पडली तर ढकलायला माणूस मिळतो.

याच ओळखीचा जाचही आहे, आणि तो जास्त करून मुलींच्या वाट्याला येतो. कॉलेजातली मुलगी मित्राच्या गाडीवर मागं बसून शंभर फुटी रस्त्यानं गेली, तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. सांगणारा काका असतो, मावशी असते, कधी नुसता गल्लीतला भाजीवाला. "काळजीपोटी सांगितलं," असं म्हणतात. पुण्याला जायचं कारण विचारलं की मुली नोकरीचं नाव घेतात. थोडं जास्त बोलल्या की म्हणतात, तिकडं कुणी ओळखत नाही, बरं वाटतं.

आणि हेच गाव स्मृती मानधनाला "आमची पोरगी" म्हणतं. ती माधवनगरला वाढली, इथल्याच मैदानांवर खेळली. आज तिला लहानपणी सराव करताना बघितलेली माणसं सांगलीत इतकी आहेत, की तेव्हा खरोखर एवढी गर्दी जमत असती तर तिकीट लावावं लागलं असतं.

[दृश्य: मिरज. सतारमेकर गल्ली. भोपळे, लाकूड, तारा जुळवणारे हात.]

मिरज हे वेगळंच प्रकरण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं रुग्णालय काढलं, आणि तेव्हापासून मिरजेला येणाऱ्यांत आजारी माणूस आणि त्याच्यासोबतचे नातेवाईक यांची संख्या मोठी. महाराष्ट्रातून येतात, उत्तर कर्नाटकातून येतात. दवाखान्याच्या बाहेर मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकायला मिळतं.

तिथून थोड्याच अंतरावर सतारी आणि तंबोरे बनतात. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी वाद्यं हातात घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी शेवटची वर्षं याच गावात काढली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं गाणं होतं. मोठ्या शहरात अशा मैफिलीचं तिकीट शोधावं लागतं. इथं दर्ग्याच्या आवारात जागा धरून बसायचं.

सांगलीकरांचा अभिमान मात्र नाटकाचा. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी संस्थानिकांच्या आश्रयानं मराठीतलं पहिलं नाटक मानलं जाणारं 'सीतास्वयंवर' इथंच रंगवलं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला त्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, आणि रंगभूमीवरची मोठमोठी माणसं ते घ्यायला सांगलीला येतात. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात पाय ठेवायला जागा नसते. एरवी चांगलं नाटक बघायचं तर पुण्या-मुंबईच्या कंपनीचा दौरा कधी लागतो याची वाट बघायची. नाट्यपंढरी म्हणवून घेणाऱ्या गावाला हे शोभत नाही, पण आहे हे असं आहे.

[दृश्य: आयर्विन पूल. खांबावरच्या फुटांच्या खुणा. गढूळ पाणी.]

जुलै उजाडला की सांगलीत रामराम मागं पडतो. भेटल्यावर पहिलं वाक्य: "किती फूट?"

आयर्विन पूल १९२९ चा, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. पाण्याची उंची याच पुलापाशी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पानपट्टीवर उभा असलेला माणूस कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, ते पाणी इथं यायला किती तास लागतील, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडलेत का, हे असं सांगतो की पाटबंधारे खात्यानं त्याला पगार द्यावा. पुलावर छत्र्या घेऊन गर्दी होते. कुणी सेल्फी काढतं, कुणी गप्प उभं असतं. गप्प उभा असलेला बहुधा सूर्यवंशी प्लॉटमधला किंवा दत्तनगरमधला. पाणी पहिलं तिकडं शिरतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. मारुती चौकात, हरभट रोडवर, जिथं लोक दिवाळीची खरेदी करतात, तिथं बोटी फिरल्या. २००५ चा पूर बघितलेल्या माणसांनी तेव्हाच्या खुणेच्या वर सामान नेऊन ठेवलं होतं. पाणी ती खूण ओलांडून गेलं. अनुभवानं शहाणी झालेली माणसंच जास्त फसली.

मदत कुठून आली? आधी गल्लीतून. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणावर आहे, कुणाची सून दिवस भरलेली आहे, हे सरकारी यादीत नव्हतं. ते कट्ट्यावरच्या माणसांना ठाऊक होतं. विश्रामबागेत, मिरजेत ओळखीच्यांनी घरं उघडली. एरवी ज्या चौकशीचा वैताग येतो, तिनंच त्या आठवड्यात माणसं बाहेर काढली. २०२१ च्या जुलैत पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली.

याच नदीचं पाणी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत भरून दुष्काळानं तहानलेल्या लातूरला पाठवलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर.

[दृश्य: रात्र. ट्रॅव्हल्सच्या गाड्या. पिशव्या, डबे, निरोप.]

विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं. शिकवायला हे गाव कमी पडलेलं नाही. शिकून झाल्यावर काय, इथं मात्र गाडी अडते. साखर आहे, हळद आहे, द्राक्षं आणि बेदाणा आहे, कुपवाडला कारखाने आहेत, पण संगणकाच्या पदवीला साजेशा नोकऱ्या थोड्या. मग पुणे. मुलगा हिंजवडीला, मुलगी खराडीला, आणि इथं दोन मजली घरात वरचा मजला झाडून पुसून कुलूप लावलेला. आई ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात भडंग आणि शेंगाचटणीचा डबा देते, मुलगा पहाटे कात्रजला येऊन घेतो. ही सेवा कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत नाही, तरी चालू आहे.

काही जण परत येतात. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा बरेच आले होते. एक-दोन महिने छान गेले. मग शेजारच्या काकू विचारायला लागल्या, "नोकरी गेली काय रे?"

[दृश्य: शामरावनगर. नवी बांधकामं, उंच जोती, 'विकणे आहे'ची पाटी.]

आता सांगलीत घर घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारत नाही. विचारतो, "एकोणीसला इथं पाणी किती होतं?" एजंट म्हणतो, "आलंच नव्हतं." गिऱ्हाईक मान डोलावतं, खाली उतरतं, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारतं. चहावाला कपाळापर्यंत हात नेऊन दाखवतो. "एवढं. आणि हे एजंट साहेब तवा पलीकडच्या गच्चीवर आमच्यासंगं दोन दिवस अडकले होते की."